मे महिन्यात टिकेल तेवढाच वेग

रॅम ओव्हरक्लॉक करताना काही बिनसलं तर संगणक सुरूच होणार नाही, फार तर निळा स्क्रीन येईल, असं धरून लोक निर्धास्त असतात. माझ्या भाच्याच्या मशीनवर यातलं काहीच झालं नाही. एडिटिंग सुरळीत होत होतं, गेम चालत होते, मशीन एकदाही हँग झालं नाही. आणि त्याच काळात त्याच्या फायली एकेक करून खराब होत होत्या.

तो नागपुरात लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. मशीन त्याने स्वतः जोडलेलं: इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर आणि डीडीआर४ रॅमच्या ३६०० वेगाच्या दोन स्टिक, सॅमसंगच्या बी-डाय चिपच्या. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांचा या चिपवर फार जीव, कारण व्होल्टेज वाढवलं की त्यांची टायमिंग्ज इतर चिपच्या मानाने खूप खाली उतरतात. डिसेंबरात त्याने सीएल हे मुख्य टायमिंग १६ वरून १४ वर आणलं, व्होल्टेज १.३५ वरून १.५ केलं आणि टीआरईएफआय नावाच्या रकान्यात ६५५३५ हा आकडा घातला. रात्रभर मेमटेस्ट८६ चालवला. एकही एरर नाही. पोराने हयगय केली नव्हती. हातात असलेल्या साधनांनी जे तपासता येतं ते त्याने तपासलं होतं.

एप्रिल संपता संपता एक झिप फाइल उघडेना. मग एका लग्नाच्या व्हिडिओत मध्येच हिरवे चौकोन दिसायला लागले. "मामा, हार्ड डिस्क गेली बहुतेक," असा त्याचा फोन आला. नवी डिस्क आणली, तरी तेच. मग मी त्याला रॅमपेक्षा मोठ्या एका फोल्डरचा चेकसम, म्हणजे फायलींतल्या माहितीवरून निघणारा पडताळणीचा आकडा, दोनदा काढायला सांगितलं. दोन वेळा दोन वेगळी उत्तरं आली. कोणी हात न लावलेल्या त्याच फायली, तीच डिस्क आणि दोन उत्तरं. डिस्क बिघडली तर ती बहुधा वाचताना एरर देते. अशी गुपचूप वेगळी माहिती देणं हे बहुतेक वेळा रॅमचं लक्षण.

रात्री पुन्हा मेमटेस्ट लावला, पुन्हा स्वच्छ. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर ४५ अंश असताना, त्याने विंडोजमध्ये टेस्टमेम५ ही रॅमची चाचणी लावली आणि सोबत ग्राफिक्स कार्डवर रेंडर सोडला. थोड्याच वेळात एररची रांग लागली. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये स्टिकचं तापमान साठीच्या घरात दिसत होतं. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या मेमटेस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड निवांत असतं, त्यामुळे कॅबिनेटच्या आत त्याची गरम हवा रॅमवर येतच नाही. डिसेंबरच्या रात्री केलेली चाचणी मे महिन्यातल्या दुपारच्या रेंडरबद्दल काहीच सांगत नव्हती.

आता टीआरईएफआयबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण टायमिंगच्या तक्त्यांत हा आकडा सर्रास फिरतो आणि त्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार. झिरपणाऱ्या माठासारखा तो भार सतत ओसरत असतो, म्हणून ठरावीक काळाने तो पुन्हा भरावा लागतो, हेच रिफ्रेश. डीडीआर४ च्या मानकानुसार दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश आज्ञा जाते आणि ६४ मिलिसेकंदांत सगळी रॅम एकदा भरून होते. ८ गिगाबिटच्या चिपला त्या प्रत्येक आज्ञेसाठी ३५० नॅनोसेकंद दिलेले असतात, आणि तेवढा वेळ रॅम कामाला उपलब्ध नसते. म्हणजे साडेचार टक्के वेळ रिफ्रेशमध्ये जातो. ३६०० वेगाला टीआरईएफआय ६५५३५ केलं की दोन आज्ञांमधलं अंतर सुमारे ३६ मायक्रोसेकंद होतं आणि तो साडेचार टक्के वेळ एका टक्क्यावर येतो. मोह पडतो तो इथे. पण सगळी रॅम एकदा भरून व्हायला आता ६४ ऐवजी ३०० मिलिसेकंद लागतात, आणि तापमान वाढलं की भार जास्त वेगाने ओसरतो. ८५ अंशांच्या वर रिफ्रेश दुप्पट वेळा करा, असं मानकच सांगतं. कारखान्याने ठेवलेली ही राखीव शिल्लक आपण थंडीत खर्च करतो आणि उन्हाळ्यात ती लागते.

विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात राहणाऱ्यांनी म्हणूनच या एका आकड्याच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गेलातच तर मूळच्या दुपटीवर थांबा आणि रॅमवर एक छोटा पंखा बसवा.

बाकी वेग आणि टायमिंग यांचा हिशेब अवघड नाही. सीएल म्हणजे माहिती मागितल्यापासून ती यायला लागेपर्यंतचे ठोके, आणि वेग वाढला की ठोका आखूड होतो. सीएलला २००० ने गुणायचं आणि वेगाच्या आकड्याने भागायचं. उत्तर नॅनोसेकंदांत येतं. ३२०० सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल १८ म्हणजेही १०. डीडीआर५ ची ६००० सीएल ३० तीही १०. तेव्हा सीएल ३० बघून "किती मंद!" म्हणणारा आणि ६००० बघून हुरळणारा, दोघंही अर्धाच हिशेब करत असतात. वेग वाढला की एका वेळी जास्त माहिती वाहते, टायमिंग उतरलं की पहिला तुकडा लवकर हाती येतो. गेममध्ये प्रोसेसर इथून थोडं, तिथून थोडं असं मागत राहतो, तिथे नॅनोसेकंद जाणवतात. ग्राफिक्स कार्डवर होणाऱ्या रेंडरला त्यांचं फारसं सोयरसुतक नसतं.

वेगाच्या मागे धावताना आणखी एक पायरी आडवी येते. बाराव्या पिढीच्या इंटेलमध्ये गिअर १ ला मेमरी कंट्रोलर रॅमच्याच ठोक्याने चालतो, गिअर २ ला निम्म्या. म्हणून गिअर १ मधली ३६०० ही गिअर २ मधल्या ४००० पेक्षा प्रत्यक्षात चटपटीत असू शकते. रायझन ५००० ला ३६०० ते ३८०० च्या आसपास अशीच वेस लागते, आणि रायझन ७००० वर डीडीआर५ ची ६००० हा शहाणा मुक्काम आहे.

करायचंच असेल तर क्रम पाळा. आधी वेग, टायमिंग सैल ठेवून. तो पक्का ठरला की सीएल आणि त्याच्या शेजारची दोन-तीन टायमिंग्ज, मग टीआरएफसी, म्हणजे एका रिफ्रेश आज्ञेला दिलेला वेळ. एका वेळी एकच बदल करा आणि बायॉसच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. प्रत्येक बदलानंतर पहिलं बूट पेन ड्राइव्हवरच्या मेमटेस्टमध्ये करा, विंडोजमध्ये नाही. रॅम डळमळीत असताना विंडोज डिस्कवर लिहायला लागलं तर नव्याने इन्स्टॉल करण्याची पाळी येते. तिथे पास झाल्यावर मग विंडोजमधली चाचणी, ग्राफिक्स कार्डावर भार टाकून, दिवसाच्या सर्वांत गरम वेळी, एसी बंद करून. एक एरर म्हणजे नापास.

दुसऱ्याच्या तक्त्यातले आकडे जसेच्या तसे उतरवू नका. तीच कंपनी आणि तेच मॉडेल असलं तरी आतली चिप वेगळी निघू शकते. बी-डायला १.५ व्होल्ट मानवतं म्हणून मायक्रॉनच्या किंवा हायनिक्सच्या चिपला मानवेलच असं नाही. डीडीआर५ वाल्यांनी तर एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅमसोबत येणारी तयार सेटिंग्ज लावल्यावर बाकीची व्होल्टेजही वाचून बघावीत. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटना समोर आल्या. एक्स्पो लावल्यावर काही मदरबोर्ड प्रोसेसरचं एसओसी व्होल्टेज नको तितकं वाढवत होते. त्यानंतर एएमडीने ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलं. आणि डीडीआर५ मध्ये चिपच्या आत ईसीसी असतं म्हणून निश्चिंत राहू नका; ते चिपच्या पोटातल्या चुका सुधारतं, चिप ते प्रोसेसर या वाटेवरच्या नाही.

बॅकअपचं दुखणं सर्वांत मोठं. फाइल कॉपी होते ती रॅममधूनच, त्यामुळे भाच्याचा बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअपही तितकाच संशयास्पद ठरला. ज्या लग्नांची कॅमेऱ्याची कार्डं पुसली नव्हती ती पुन्हा उतरवून ताडून घेतली. जिथे कार्डं फॉरमॅट झाली होती तिथले काही तुकडे गेले ते गेलेच, आणि ते दोन घरांना सांगावं लागलं. रोजीरोटी किंवा कोणाच्या आठवणी ज्या मशीनवर असतात तिथे कार्डावरून उतरवतानाच चेकसम काढून ठेवा, आणि ते जुळल्याशिवाय कार्ड पुसू नका.

आता त्याच्या मशीनवर ३६०० सीएल १६ आहे, १.३५ व्होल्टला, आणि टीआरईएफआय ऑटोवर. रेंडरला लागणारा वेळ आम्ही आधीच्या सेटिंगशी ताडून पाहिला. सांगण्याजोगा फरक नाही. गेममध्ये थोडा पडला, तो त्याने सोडून दिला. बायॉस अपडेट केलं की रॅम नव्याने ट्रेन होते, म्हणजे मदरबोर्ड तिची जुळणी पुन्हा करतो, म्हणून त्यानंतर आणि दर एप्रिलच्या शेवटी दुपारची चाचणी पुन्हा करायची, एवढं त्याने मॉनिटरच्या कडेला लिहून चिकटवलं आहे.