फोटोशॉप आधी की रॉ आधी?

प्रश्न : नवा कॅमेरा घेतला आहे. एडिटिंग शिकायला फोटोशॉपच घ्यावं लागेल का?

उत्तर : लगेच नको. डार्कटेबल हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि शिकायला सहज पुरतं. आधी कॅमेऱ्यात रॉ फॉरमॅट निवडा. माझ्या मते खरी सुरुवात तिथेच होते. जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे भर दुपारी झाडाच्या सावलीत काळवंडलेला चेहरा रॉमधून छान उजळता येतो. जेपेगमध्ये तिथे डाग आणि पट्टे दिसू लागतात. मात्र पूर्ण पांढरंफटक झालेलं आभाळ रॉमधूनही परत येत नाही. म्हणून फोटो काढतानाच हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहा, तो उजव्या कडेला चिकटू देऊ नका.

एडिटिंगला बसल्यावर आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, मग हायलाइट्स आणि शॅडोज. सॅच्युरेशन अगदी शेवटी आणि हात राखून. नवशिक्यांचे बरेचसे फोटो इथेच बिघडतात. तयार प्रिसेट सध्या टाळा, त्यांनी नजर तयार होत नाही. डार्कटेबल मूळ फोटोला धक्का लावत नाही, बदल वेगळ्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहितं. तेव्हा बिनधास्त प्रयोग करा, फक्त बॅकअप घेताना त्या फाइलीही सोबत घ्या.