एक रुग्ण, अनेक चिठ्ठ्या : समन्वित चिकित्सेचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, खुड्डाकचतुष्पाद अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून, प्रत्येकाचे चार याप्रमाणे एकूण सोळा गुण वर्णिले आहेत. आज हे चारही पाद उपलब्ध आहेत. मात्र ते एकमेकांस ओळखत नाहीत. रुग्णाची प्रकृती व त्याचा खिसा या दोहोंवर याचा काय परिणाम होतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नेहमीचे चित्र

जठारपेठेतील कोणत्याही चिकित्सालयात आढळणारा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. अकोट किंवा बाळापूरकडून एस.टी.ने आलेली साठीची शेतकरी स्त्री. तिला मधुमेह, रक्तदाब, थायरॉइडची न्यूनता व संधिशूल आहे. हातातील पिशवीत तीन चिकित्सकांच्या चिठ्ठ्या, दोन प्रयोगशाळांचे अहवाल व शेजारणीने सुचविलेले चूर्ण. प्रत्येक चिकित्सकाने आपापल्या व्याधीपुरते योग्य तेच लिहिले आहे. परंतु संपूर्ण पिशवी कोणीच पाहिलेली नाही.

थायरॉक्सिनची गोळी ती सकाळी उपाशीपोटी घेते. पांडुतेसाठी दिलेले पुनर्नवा मंडूर अथवा अम्लपित्तासाठी दिलेले शंखभस्म तिने त्याच वेळी घेतले, तर काय होईल? लोह व कॅल्शियम यांमुळे थायरॉक्सिनचे आतड्यातील शोषण घटते. तपासणीत टी.एस.एच. वाढलेले दिसते, मात्रा वाढविली जाते, काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते. पुढे कोणी मंडूर बंद केले, की तीच वाढलेली मात्रा अधिक ठरते व हृद्द्रव सुरू होतो. मग हृदयाची तपासणी. मूळ दोष मात्रेचा नव्हता, वेळेचा होता. दोन औषधांत चार तासांचे अंतर ठेवण्यास एक पैसाही लागला नसता.

ध्यानात ठेवावयाच्या इतर बाबी

१) लवणभास्कर चूर्ण व शंखवटी यांत लवणद्रव्ये मोठ्या प्रमाणात असतात. रक्तदाब, शोथ, हृद्रोग वा वृक्कविकार असता ती देऊ नयेत. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातून येणाऱ्या रुग्णाच्या पिण्याच्या पाण्यातही क्षार अधिक असतात. तेव्हा क्रिएटिनिनचा मागील अहवाल अवश्य मागावा.

२) ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत दिल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. रुग्ण मूत्रल गोळी घेत असल्यास हा धोका अधिक.

३) आसवारिष्टांत गूळ वा साखर असते, तसेच सामान्यतः ५ ते १० टक्के स्वयंजनित मद्यार्क असतो. मधुमेही रुग्णासाठी शक्यतो काढा किंवा वटीचा पर्याय शोधावा.

४) मधुमेहाच्या गोळ्यांसोबत गुडमार सुरू करताना रक्तशर्करा अपेक्षेपेक्षा खाली येऊ शकते, याची पूर्वसूचना रुग्णास द्यावी.

सेवाग्रामचा धडा

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे कस्तुरबा रुग्णालयाच्या आधारे डॉ. उल्हास जाजू व सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास ज्वारीच्या रूपाने आरोग्यविमा उभा केला. सुगीच्या वेळी कुटुंबाने ऐपतीनुसार ज्वारी द्यावयाची. गावातील किमान ७५ टक्के कुटुंबे सहभागी झाली, तरच गाव योजनेत येई. अकस्मात आजारासाठी रुग्णालयात मोफत उपचार मिळत, तर आधीच ठाऊक असलेल्या व्याधीसाठी खर्चाचा काही भाग कुटुंब उचले. गावात आरोग्यसेवक, वर रुग्णालय आणि दोहोंना जोडणारा डॉक्टर असल्याने रुग्ण कोणाचा, हा प्रश्नच उरत नसे. आपण विमा योजना काढू शकणार नाही. परंतु हे उत्तरदायित्व नक्कीच उचलू शकतो.

आपणांस करता येण्याजोगे

प्रत्येक जीर्णव्याधीच्या रुग्णासाठी एक पुठ्ठ्याचे कार्ड करावे. त्यावर पाच रकाने असावेत : औषध, घेण्याची वेळ, देणारा चिकित्सक, शेवटच्या तपासणीचा दिनांक व निष्कर्ष, आणि औषधांचा मासिक खर्च. शेवटचा रकाना लिहू लागताच अनावश्यक औषध आपोआप नजरेस येते. कार्ड रुग्णाजवळच राहावे व सर्व चिकित्सकांनी त्यावरच नोंद करावी.

औषधविक्रेते बंधू-भगिनींचे स्थान येथे विशेष आहे. कारण सर्व चिठ्ठ्या ज्या ठिकाणी एकत्र येतात, ते त्यांचेच दुकान असते. एकच औषध दोन नावांनी आले, वा दोन औषधांच्या वेळा एकत्र आल्या, तर परस्पर बदल न करता चिकित्सकास दूरध्वनी करावा. तसेच वैद्यानेही दुसऱ्याचे औषध स्वतःहून थांबवू नये. दोन ओळींचे पत्र द्यावे व उत्तर मागवावे.

दर तीन महिन्यांनी कार्ड समोर ठेवून स्वतःलाच विचारावे : रक्तदाब व साखर सुधारली काय? खर्च घटला काय? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असल्यास पथ्याचा दोष रुग्णाच्या माथी मारण्यापूर्वी आपली चिकित्सा पुन्हा तपासावी. पुढील महिन्यात प्रत्येक सभासदाने निदान दहा रुग्णांची पिशवी टेबलावर संपूर्ण रिकामी करून पाहावी, अशी विनंती आहे. चतुष्पादांतील पहिला पाद भिषक्. तेव्हा आरंभही त्यानेच करावयाचा आहे.