बागेतील लाकडी खोपी : सुट्या भागांच्या जुळणीचा पाठ

बागाईत करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास शेतावर एका खोपीची गरज असते. अवजारे, कलमांचे साहित्य, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, बियाण्याच्या गोणी आणि राखणदाराचे अंथरूण यांना पावसापासून आडोसा हवा असतो. पूर्वी ही गरज कुडाच्या व गवताच्या झोपडीने भागे. पुढे पत्र्याची शेड आली. हल्ली तिसरा एक प्रकार विकत मिळू लागला आहे. फळ्या, चौकटी, वासे हे सर्व कारखान्यात मापाने कापून, खाचा पाडून, क्रमांक घालून येते. सोबत नकाशा असतो. आणि जोते तयार असल्यास दोन माणसे तीन-चार दिवसांत खोपी उभी करू शकतात. ही जुळणी कशी करावी आणि नकाशात न सांगितलेली कोणती काळजी आपल्या हवेत घ्यावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील सीअर्स, रोबक या कंपनीने १९०८ पासून १९४० पर्यंत संपूर्ण घरांचे सुटे भाग गिऱ्हाइकांस आगगाडीने पाठविले आणि पुष्कळांनी ती घरे स्वतःच्या हातांनी उभारली. आज बागेतील लाकडी खोप्या फिनलंड, एस्टोनिया, लाटव्हिया या उत्तरेकडील थंड देशांत मोठ्या प्रमाणावर तयार होतात. त्यांचे लाकूड बहुधा स्प्रूसचे, म्हणजे आपल्याकडील देवदाराप्रमाणे सुईसारखी पाने असणाऱ्या वृक्षाचे असते. ते हलके, सरळ रेषांचे व कापण्यास सोपे असते. परंतु सागाच्या गराप्रमाणे वाळवीस व कुजण्यास स्वतःच्या बळावर तोंड देणारे नसते. ज्याने हा नकाशा आखला त्याच्या डोळ्यांपुढे बर्फ होते. मृगाचा पाऊस आणि वारूळ नव्हते. ही उणीव आपण भरून काढावयाची आहे.

लाकडाचा स्वभाव

जुळणीच्या आधी एक गोष्ट मनात पक्की ठसली पाहिजे. लाकूड दमट हवेत पाणी शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो. रेषांच्या आडव्या दिशेने मात्र तो चांगला जाणवतो. या खोपीच्या भिंती आडव्या फळ्या एकावर एक रचून होतात, म्हणून प्रत्येक फळीच्या रुंदीतील थोडाथोडा फरक साठत जाऊन सबंध भिंतीची उंची बदलते. साडेसहा फूट उंचीची भिंत वैशाखातील उन्हाळा आणि आषाढातील पाऊस यांच्या दरम्यान सुमारे अर्धा ते सव्वा इंच खालीवर होऊ शकते. विटांची भिंत एकदा बांधली की स्थिर राहते. ही भिंत दर वर्षी चढते व उतरते. जुळणीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

आम्हांस हे ज्ञान नुकसान सोसून मिळाले. आमच्या बागेत अशी पहिली खोपी आम्ही श्रावणात, ऐन दमट हवेत उभारली. दाराच्या चौकटीवर आणि तिच्या वरच्या फळीखाली जवळजवळ बोटभर पोकळी राहिलेली दिसली. ती कारखानदाराची चूक आहे असे समजून आम्ही मोठ्या हौसेने तीत लाकडी चिपा ठोकून ती घट्ट बुजवून टाकली. पुढे उन्हाळ्यात फळ्या आकसल्या. कोपऱ्यांकडील भिंत खाली बसू लागली. पण दारावरच्या फळ्या चौकटीच्या डोक्यावर अडून राहिल्या, आणि दाराच्या दोन्ही अंगांस फळ्यांमधील सांधे उघडले. फटी इतक्या बारीक होत्या की त्यांकडे आम्ही लक्ष दिले नाही. मृगाचा पहिला पाऊस वाऱ्याबरोबर तिरपा आला व त्या वाटेने आत शिरला. भिंतीलगत रचलेल्या गोणींतील बियाण्याच्या भातास जागच्या जागी मोड आले, आणि त्या वर्षी पेरणीस बियाणे उसने आणावे लागले. जी पोकळी आम्हांस दोष वाटली, तीच त्या रचनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती.

जागा व जोते

खोपीसाठी उंचवट्याची, पाणी न तुंबणारी जागा निवडावी. मोठ्या झाडाच्या अगदी खाली खोपी बांधू नये. फांदी पडण्याचे भय तर असतेच, शिवाय सावलीत ओली भिंत लवकर वाळत नाही. जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट उंच असावे. ते सलग दगडी किंवा काँक्रीटचे असावे अथवा सुटे खांब घालून त्यांवर तुळया टाकाव्यात. खांबांची रीत आम्हांस अधिक पसंत आहे, कारण खालून वारा खेळतो आणि वाळवीच्या मातीच्या नळ्या चटकन दृष्टीस पडतात. खांबाच्या माथ्यावर चहूबाजूंनी दोन-दोन इंच बाहेर येईल असा जस्ताचा पत्रा खाली वाकवून बसवावा. म्हणजे वाळवीस लपून वर चढता येत नाही.

जोते पाणसळीत असणे अत्यंत आवश्यक आहे. लांब अंतरावर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी ताडून पाहावी. त्यानंतर कोन तपासावा. समजा, खोपी ९ फूट रुंद व १२ फूट लांब आहे. तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन्ही कर्ण बरोबर १५ फूट भरले पाहिजेत. एक कर्ण मोठा व दुसरा लहान भरल्यास चौकोन कललेला आहे असे समजून तो तेथेच सुधारावा. जोत्यातील दोन सुतांची चूक छपरापर्यंत पोचता पोचता इंचाची होते, आणि मग दारे लागत नाहीत.

सामानाची तपासणी

सामान आल्याबरोबर सर्व भाग यादीशी ताडून पाहावे. ते उन्हात पसरून ठेवू नयेत. फळ्या पिळवटतात व वाकतात. सपाट जागी, जमिनीपासून उंच, आडोशास रचून वर ताडपत्री घालावी. जुळणीपूर्वीच प्रत्येक फळीस संरक्षक लेप द्यावा. हा लेप केवळ दर्शनी बाजूस देऊन भागत नाही. फळीच्या एका कडेस जीभ व दुसऱ्या कडेस खोबण असते. त्या दोन्हींस, कोपऱ्यांच्या खाचांस आणि विशेषतः कापलेल्या टोकांस तो द्यावा, कारण लाकूड टोकांतून सर्वांत जास्त पाणी पिते. कोकणात होड्यांच्या व घरांच्या लाकडास काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची चाल आहे. जोत्यावरील तुळयांस ते उपयोगी पडते. मात्र ते कातडीस फोड आणणारे असल्याने उघड्या हाताने लावू नये.

भिंतींची उभारणी

जुळणीस कार्तिक-मार्गशीर्ष हे महिने उत्तम. त्या वेळी जमीन वाळलेली असते आणि लाकूड अति फुगलेले नसते, अति आकसलेलेही नसते. प्रथम जोत्यावर लेपयुक्त तुळया बसवून त्या लोखंडी पट्ट्यांनी जोत्यास जखडाव्यात. नंतर समोरासमोरच्या दोन बाजूंस अर्ध्या रुंदीच्या फळ्या व उरलेल्या दोन बाजूंस पूर्ण फळ्या ठेवाव्यात. म्हणजे कोपऱ्यांतील खाचा एकमेकींत बसतात. जीभ नेहमी वर व खोबण खाली असावी. उलट बसविल्यास खोबणीत पाणी साठून फळी कुजते. फळी बसविताना हातोडा थेट जिभेवर मारू नये. मध्ये लाकडाचा ठोकळा धरावा. दोन थर झाले की कर्ण पुन्हा मोजावेत.

एक फळी दुसऱ्या फळीस खिळ्याने कधीही ठोकू नये. ठोकल्यास तिची हालचाल बंद होते आणि ती मधोमध चिरते. दार-खिडक्यांच्या चौकटी भिंत वर चढत असतानाच फळ्यांच्या मधून सरकवाव्यात. त्या फळ्यांस स्क्रूने आवळू नयेत, आणि चौकटीवर पाऊण ते एक इंच पोकळी सोडावी. कारखानदाराने अधिक सांगितली असल्यास तितकी सोडावी. ही पोकळी बाहेरून रुंद पट्टीने झाकावी, परंतु पट्टी एकाच बाजूस, म्हणजे चौकटीस तरी किंवा फळीस तरी, ठोकावी. आम्ही केलेली चूक आमच्या वाचकांनी करू नये.

छप्पर व वादळाचा बंदोबस्त

छपराच्या फळ्या एकमेकींस अगदी भिडवू नयेत. त्यांच्यामध्ये अर्ध्या सुताचे अंतर ठेवावे, नाही तर पावसाळ्यात त्या फुगून वर उचलल्या जातात. थंड देशांत त्यांवर डांबरी कापड अंथरतात. आपल्या उन्हात ते मऊ पडते, यास्तव त्या फळ्यांवर पट्ट्या ठोकून वर नळीदार पत्रा घालावा. मधल्या पोकळीतून वारा वाहून खोपी थंड राहते. वळचण दीड फूट तरी बाहेर असावी. नकाशातील वळचण पुष्कळदा याहून आखूड असते. म्हणून मागणी नोंदवितानाच लांब भाग मागून घ्यावेत.

लाकडी खोपी विटांच्या खोलीच्या मानाने फार हलकी असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ कोकणाच्या किनाऱ्याजवळून गेले. तेव्हा छपरांची काय दशा झाली हे कोकणातील वाचकांस सांगावयास नको. यासाठी प्रत्येक कोपऱ्याजवळ भिंतीच्या आतून एक उभी जाड पट्टी बसवावी. तिचे खालचे टोक तुळईस बोल्टने पक्के आवळावे. वरच्या टोकास मात्र दोन इंच लांबट भोक पाडून त्याच्या मध्यावर बोल्ट घालावा. म्हणजे भिंत खालीवर होऊ शकते, पण वाऱ्याने उचलली जात नाही.

निगा

दर वर्षी अक्षय्यतृतीयेच्या सुमारास खोपीची पाहणी करावी. चौकटीवरची पोकळी मोकळी आहे की नाही, फटी उघडल्या आहेत की काय, खांबांवर मातीच्या नळ्या आहेत काय, हे पाहावे. भिंतीस लागून माती, शेणखत किंवा जळण रचू नये. लेप फिका पडताच नवा द्यावा. गोणी भिंतीपासून वीतभर दूर, फळ्यांच्या मंचकावर ठेवाव्यात.

एवढी निगा ज्याच्याने होणार नाही त्याने पत्र्याची शेड घालावी किंवा गावच्या सुताराकडून सागाचा सांगाडा करून घ्यावा, हेच आमचे प्रामाणिक मत आहे. परंतु जो शेतकरी वर्षातून एक दिवस या खोपीसाठी राखून ठेवील, त्यास ती पुष्कळ वर्षे उपयोगी पडेल. बांधून झालेल्या भिंतीत कोठे जागा सोडलेली दिसली, तर ती बुजविण्यापूर्वी का सोडली असेल याचा विचार करावा; आमचे बियाणे त्या विचाराच्या अभावी गेले.