जुने वॉरंट निघालेले असेल तर काय करावे?

हिशोब चुकता झाला, चार वडीलधाऱ्यांच्या साक्षीने समेट झाला, चेकही परत हातात आला. मग कोर्टाचे वॉरंट कशाचे? हा प्रश्न पुष्कळ दुकानदारांना पडतो. समेट दोन माणसांत झाला, खटला मात्र कोर्टात तसाच राहिला. फिर्यादीने तो मागे घेतल्याची नोंद होईपर्यंत तारखा पडतच राहतात. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि शेवटी अजामीनपात्र वॉरंट, असा सर्वसाधारण क्रम असतो.

दिग्रसच्या व्यापाऱ्याला आणखी एक अडचण आहे. २०१५ च्या दुरुस्तीपासून, खात्यात भरलेला चेक न वटल्यास खटला चेक घेणाऱ्याच्या बँक शाखेच्या ठिकाणी चालतो. माल अकोल्याहून, नागपूरहून किंवा सुरतेहून उधारीवर आणला असेल तर तारीखही बहुधा तिकडचीच. समन्स आले, दुकानातल्या पोराने सही करून घेतले आणि गल्ल्यात टाकले, की वॉरंटची वाट मोकळी झाली!

‘सात-आठ वर्षे झाली, आता कोण विचारतो’ ही समजूत सर्वांत घातक आहे. वॉरंट जुने झाले म्हणून आपोआप संपत नाही. ते बजावले जाईपर्यंत किंवा काढणारे कोर्ट ते रद्द करीपर्यंत अमलात राहते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ७० हेच सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ७२ हेच सांगते. पुढे टाळाटाळ केली तर कोर्ट जाहीरनामा काढून किमान ३० दिवसांच्या मुदतीने हजर राहण्यास फर्मावते आणि मालमत्ता जप्त करू शकते. तरीही न आल्यास तो वेगळा गुन्हा होतो व त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग मूळ चेक वीस हजारांचा का असेना.

ठाण्यात ओळख काढून ‘कागद दाबून ठेवा’ म्हणणारे आणि त्यासाठी पैसे घेणारे मध्यस्थ भेटतात. तो पैसा पाण्यात जातो. वॉरंट रद्द करण्याचा अधिकार पोलिसांना नाही.

प्रथम केस नंबर मिळवावा. समन्स हरवले असेल तर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नाव व वर्ष टाकून शोधता येते. मग त्या कोर्टात वकील देऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज करावा आणि आपण स्वतः हजर राहावे. गैरहजेरीचे खरे कारण लिहावे. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, पैसे दिले असतील तर बँकेचा उतारा जोडावा. आधार कार्ड, घरपट्टीची पावती आणि ऐपतीचा जामीनदार तयार ठेवावा. अर्ज मंजूर होईलच अशी खात्री कोणी देऊ नये. पण आपल्या पायांनी आलेला आणि पकडून आणलेला यांत कोर्ट फरक करते. चेकचा गुन्हा जामीनपात्र आहे, तडजोडीलाही पात्र आहे. म्हणून शक्य असेल तर फिर्यादीलाच सोबत न्यावे आणि तडजोड नोंदवून खटला निकाली काढावा. खटला चालणारच असेल तर प्रत्येक तारखेला इतक्या लांब जाणे टाळण्यासाठी वकिलामार्फत हजेरीची परवानगी मागता येते.

दुसऱ्याला जामीन राहिलेल्यांनीही जागे असावे. तो माणूस तारखेला गेला नाही तर मुचलक्याची रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते.

वॉरंट रद्द झाल्यावर बरेच जण घरी निघून जातात. मुंबईतील एका वकिलाचे वॉरंट १२ ऑगस्ट २००२ रोजी कोर्टाने रद्द केले होते. तरीही १५ ऑगस्टला, ऐन सुट्टीच्या दिवशी, पोलिसांनी त्यांना त्याच वॉरंटावर अटक केली. मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडले. उच्च न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दोन हजार रुपये देण्यास सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०११ साली त्या न्यायालयाने वॉरंटांबाबत सूचना घालून दिल्या. रद्द झाल्याची नोंद कोर्टाच्या रजिस्टरात व्हावी, वॉरंट पोलिसांकडून परत मागवावे आणि हुकुमाची प्रत आरोपीलाही द्यावी, असे त्यांत आहे. ही प्रत मागून घेणे आपला हक्क आहे. एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्यावी, दुसरी खिशात ठेवावी.

वकिलाची फी परवडत नसेल तर यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असणाऱ्याला मोफत वकील मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.