नेटवर्कची शिस्त : प्रोटोकॉल

'प्रोटोकॉल' हा शब्द आपल्याला नवा नाही. प्रमुख पाहुणे आले की कोण पुढे जाणार, सॅल्यूट कधी होणार, हे आधी ठरलेले असते. सरकारी मराठीत त्याला राजशिष्टाचार म्हणतात. कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात तेही अशाच ठरलेल्या नियमांनी. मात्र प्रत्येक प्रोटोकॉलचे काम वेगळे असते आणि ते नेमके कोणते, हे माहीत असणे महत्त्वाचे आहे.

आयपी : हा पत्ता सांगतो. माझे घर भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये आहे. स्टील प्लांटच्या टाउनशिपमध्ये आधी सेक्टर, मग स्ट्रीट, मग क्वार्टर नंबर पाहिला की घर सापडते. 192.168.1.5 हा आयपी पत्ताही तसाच. पुढचा भाग नेटवर्क दाखवतो, शेवटचा भाग त्यातला कॉम्प्युटर. प्रत्येक आकडा 0 ते 255 असतो, म्हणून असे पत्ते सुमारे 429 कोटीच होतात. ते पुरेनात, म्हणून आयपीव्ही6 आले.

डीएचसीपी : नवा मोबाइल वायफायला जोडला की त्याला पत्ता देतो. हॉस्टेलमध्ये आल्यावर बेड नंबर मिळतो तसे.

डीएनएस : आपण वेबसाइटचे नाव लिहितो, पण कॉम्प्युटरला आकडा लागतो. नावावरून आकडा शोधून देणारी ही डिरेक्टरी. ती 1983 मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी तयार केली.

टीसीपी : वायरलेसवर आपण 'रॉजर' म्हणतो, म्हणजे संदेश मिळाला. टीसीपीही तसेच करतो. आधी "ऐकू येते का?", "येते, तुला येते का?", "येते" अशा तीन पायऱ्या होतात. मग माहितीचे तुकडे क्रमांक घालून जातात. एखादा हरवला तर तो पुन्हा पाठवला जातो. 1 जानेवारी 1983 रोजी अमेरिकेच्या आर्पानेटने टीसीपी आणि आयपी स्वीकारले. आपल्याकडे विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेही याच नियमांवर.

यूडीपी : हा पोच मागत नाही, म्हणून वेगवान आहे. व्हिडिओ कॉलमध्ये एक तुकडा हरवला तर मागे जाऊन आणण्यात अर्थ नसतो. तिथे हा उपयोगी.

एसएमटीपी, पीओपी3 आणि आयमॅप : एसएमटीपी ईमेल पाठवतो, बाकीचे दोन ती आणतात. आयमॅपमध्ये ईमेल सर्व्हरवरच राहते, त्यामुळे मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हींवर सारखीच दिसते.

टेलनेट आणि एसएसएच : दोन्हींनी दूरचा कॉम्प्युटर चालवता येतो. टेलनेट पासवर्ड उघडा पाठवतो, म्हणून आता एसएसएच वापरतात.

एचटीटीपी आणि एचटीटीपीएस : यांच्यामुळे वेबसाइट उघडते. एचटीटीपी हे पोस्टकार्ड आहे, वाटेत कोणीही वाचू शकतो. एचटीटीपीएस हे बंद पाकीट.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. एचटीटीपीएस आणि कुलपाचे चिन्ह दिसले की वेबसाइट खरी, असे अनेकांना वाटते. पण पाकीट बंद आहे म्हणून ते घेणारा माणूस प्रामाणिक ठरत नाही. भामटाही आपल्या बनावट वेबसाइटसाठी सर्टिफिकेट मिळवू शकतो, तेही फुकट. एचटीटीपीएस वाट सांभाळतो, माणूस ओळखत नाही. म्हणून कुलूप बघून थांबू नका, वेबसाइटचे नाव अक्षर अन् अक्षर वाचा. 'ओ'च्या जागी शून्य किंवा मध्येच एखादी जास्तीची रेघ असू शकते.

"आजच फी भरा" असा मेसेज लिंकसह घरी आला, तर विचारायला आपण आईबाबांजवळ नसतो. म्हणून सुट्टीत गेल्यावर त्यांना हे समजावून सांगा. लिंक न दाबता आधी शाळेला फोन करायला सांगा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. हा नंबर घरातल्या सगळ्या मोबाइलमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा.