थांबता येईल त्याचा भाव

पुणे विद्यापीठात मानसशास्त्राचं एम.ए. करताना वाटाघाटी आणि प्रभाव या विषयाकडे वळले, तेव्हा कासुर्डीत लोक हसले. ‘भाव करायला कॉलेजात जायचं व्हय?’ सोलापूर रस्त्यावरचं आमचं गाव बाहेरच्यांना जुन्या टोलनाक्यामुळे ठाऊक. उरुळीहून लोकलने जा-ये करत पुस्तकातलं गावाशी ताडून पाहिलं, त्यातून हाती लागलेलं हे.

१. बोलायला बसण्याआधी आपला पर्याय बघावा. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचं वाटाघाटींवरचं पुस्तक १९८१ साली आलं. सौदा फिसकटला तर तुमच्याकडे दुसरं काय आहे, यावर तुमचं बळ ठरतं, हा त्यातला मला सगळ्यांत पटलेला भाग. आमच्या दौंड तालुक्यातल्या ऊसवाल्याला हे शिकवावं लागत नाही. कारखान्याला ऊस घालायचा तर तोडीची वाट बघा. पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा नियम आहे, पण नियम कागदावर असतो. गुऱ्हाळवाला जवळ असला की निदान विचारायला दुसरं दार असतं. मात्र हे दार ऊस उभा असेपर्यंतच उपयोगाचं. तोडलेला ऊस तासातासाला वाळतो, वजन घटतं, आणि तोड झाल्यावर भाव बोलणाऱ्याचं निम्मं बळ आधीच गेलेलं असतं. कांद्याचंही तेच. ज्याची कांदाचाळ आहे तो केडगावला भाव पडल्याचं कळताच गाडी भरत नाही. ज्याला चाळ नाही आणि पोरीची फी याच आठवड्यात भरायचीय, त्याला कुठलंही संभाषणकौशल्य तारत नाही. छाप पाडण्याच्या पुस्तकांत हे फारसं सापडत नाही. गोड बोलण्याचा वर्ग घेता येतो, चाळ कोण बांधून देणार?

२. पहिला आकडा डोक्यात रुतून बसतो. कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७४ मध्ये सांगितलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एक चक्र फिरवायचं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा अंदाज २५ च्या आसपास, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नसताना! ‘आम्ही धंद्यातले, आम्हाला नाही फसवता येत’ म्हणणाऱ्यांसाठी १९८७ चा नॉर्थक्राफ्ट आणि नील यांचा अभ्यास आहे. ॲरिझोनातल्या घरांच्या दलालांना तेच घर वेगवेगळी मागणी-किंमत सांगून दाखवलं, तर त्यांचे अंदाजही त्या किमतीमागे सरकले, आणि किंमत विचारात घेतली हे बहुतेकांनी कबूल केलं नाही.

आमच्याकडे हायवेलगतच्या जमिनीला गिऱ्हाईक आणणारा एजंट आधी चहा पितो आणि मग विचारतो, “आप्पा, तुमची अपेक्षा किती?” आप्पा गुंठ्याचा जुना, ऐकीव दर सांगतात. पुढचं सगळं बोलणं त्याच आकड्याभोवती फिरतं. आकडा सांगण्याआधी आजूबाजूच्या खरेदीखतांची सूची दोन काढून बघावी. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. कागदावर दाखवलेली रक्कम पूर्ण खरी असेलच असं नाही, पण ऐकीव दरापेक्षा बरी.

३. उचल घेताना हात आखडता ठेवावा. डेनिस रीगन यांच्या १९७१ च्या प्रयोगात एकाने न मागता शीतपेयाची बाटली आणून दिली आणि नंतर सोडतीची तिकिटं विकायला काढली. बाटली घेतलेल्यांनी सुमारे दुप्पट तिकिटं घेतली, तो माणूस त्यांना आवडलेला नसला तरी. व्यापाऱ्याची उचल तर शीतपेयापेक्षा कितीतरी मोठी. ऐन खताच्या वेळी तो पैसे देतो, व्याजाचं नाव काढत नाही, आणि माल निघाला की दुसऱ्या गाळ्यावर जायची आपल्यालाच लाज वाटते. हिशेबाच्या वहीत न लिहिलेलं व्याज ते हेच.

४. भाव सांगून झाला की गप्प बसावं. आपणच ‘बघा, थोडं कमी-जास्त करू’ म्हणू नये. हे आजीलाही माहीत होतं.

५. रुमालाखालचा सौदा बघायला गंमत वाटते. बैलबाजारात हातावर रुमाल टाकून बोटं दाबत किंमत ठरते; समोरासमोर नकार ऐकावा लागत नाही, दोघांची अब्रू राहते. माझ्या वर्गमित्रांना तो प्रकार फार आवडला. मला नाही. दलालाच्या बोटांना दिवसभराचे सगळे सौदे माहीत असतात, बैल विकणाऱ्याला फक्त आपला. शेतमालाचा उघड लिलाव व्हावा म्हणून बाजार समित्यांनी आग्रह धरला तो याचसाठी. लिलावातही व्यापारी आधी बोलून घेतात, हा भाग वेगळा.

६. अपमान झाला की माणूस स्वतःचं नुकसान करून उठतो. १९८२ मध्ये ग्यूथ आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत एक खेळ मांडला: एकाने पैशांची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने नाकारली तर दोघांनाही शून्य. असे खेळ पुढे पुष्कळ झाले. एक पंचमांशाहून कमी वाटा लोक अनेकदा झिडकारतात. लग्नाच्या याद्यांना बसलेल्याला यात नवल नाही. मानपानाच्या साड्यांवरून बैठक मोडते, तेव्हा साड्यांची किंमत कोणाच्याच डोक्यात नसते. मुरलेला मध्यस्थ अशा वेळी मुद्दा बाजूला ठेवून आधी जेवणाची पानं घ्यायला लावतो.

७. पण यातले बहुतेक प्रयोग एकदाच भेटणाऱ्या अनोळखी माणसांवर झालेत, तेही बरेचसे पाश्चात्त्य विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर. हेन्रिक, हाइन आणि नोरेनझायन यांनी २०१० मध्ये यातल्या दुसऱ्या गोष्टीवर बोट ठेवलं. कालव्याच्या पाण्याची पाळी ठरवताना समोरचा माणूस बांधाला बांध लावून आहे, पुढच्या आवर्तनालाही तोच, आणि त्याचा मुलगा माझ्या भावाच्या वर्गात. तिथं पहिला आकडा जोरात मांडून जिंकलं, तरी उन्हाळ्यात मोटर जळेल तेव्हा त्याच्याकडेच जायचं असतं. आमचे तात्या पाळीच्या बोलण्यात आपले काही तास मुद्दाम सोडून येतात आणि घरच्यांच्या शिव्या खातात. पुस्तकी मापाने ते कच्चे ठरतील. प्रबंधासाठी मी कालव्याच्या चारीवरच्या याच बोलण्यांचा विषय मागितलाय. सरांनी विचारलं, नमुना किती जणांचा? तेवढं ठरायचंय, आणि तात्या बोलायला तयार होतात का तेही.