कैदी, व्यसनी आणि आपण



ऑगस्टचा दुसरा रविवार भारतातील ख्रिस्तसभा तुरुंगसेवा रविवार म्हणून पाळते. त्याच सुमारास, १४ तारखेला, संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा सण येतो. १९४१ साली आउश्वित्झच्या छळछावणीत एका बायकामुलांच्या माणसाऐवजी त्यांनी मरण पत्करले. शेवटी विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारण्यात आले. कैद्यांचे ते आश्रयदाते संत, आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांचेही. हे दोघे एकाच संताच्या पदरी आहेत, हे आम्हाला विचार करण्याजोगे वाटते.

आपल्याकडे या दोघांची गाठ कायद्यानेच घालून दिली आहे. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा झाला. वकील त्याला ‘एनडीपीएस’ म्हणतात. १९८९ मध्ये त्यात जामिनाची कडक अट आली: आरोपी दोषी नसावा असे मानायला वाजवी कारण आहे, अशी खात्री पटल्याशिवाय न्यायालयाने त्याला सोडू नये. म्हणजे खटल्याआधीच निर्दोषपण दाखवायचे! २००१ पासून शिक्षा वजनावर ठरते. गांजा २० किलोच्या वर किंवा हेरॉइन २५० ग्रॅमच्या वर गेले की किमान १० वर्षे कैद, एक लाख रुपये दंड, आणि जामिनाची ती अट. वजनही भेसळीसकट धरायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. टेम्पोवरचा क्लीनर आणि मालाचा खरा धनी, दोघांना तराजू एकच. धनी सहसा टेम्पोत नसतो, हे वेगळे सांगायला नको.

२०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबीत न झालेले. शंभरांच्या जागेत १३१ जण. हे सारे अमली पदार्थांच्या खटल्यांतले नव्हेत. पण ज्याला जामीन मिळत नाही त्याचा मुक्काम लांबतो. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गांजाच्या खटल्यातील एका कच्च्या कैद्याला जामीन दिला, तेव्हा तो सात वर्षांहून अधिक काळ आत होता.

त्याच्या जेवणाचा आणि पहाऱ्याचा खर्च सरकार करते. घरच्यांचा खर्च कुठेच लिहिला जात नाही. कमावता माणूस गेला; वकिलाची फी, प्रत्येक तारखेला बुडणारी मजुरी, मुलाखतीसाठी एस.टी.चे भाडे, मग बायकोचे दागिने. मुलीला स्थळ येत नाही. आणि शेजारी (आपणही त्यांत आलो) त्या घरी जायचे सोडतात.

अमेरिकेने हाच मार्ग आपल्याहून जोरात चालवला. तिथल्या १९८६ च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला ५०० ग्रॅम कोकेन पावडरीइतकीच, किमान पाच वर्षांची शिक्षा होती. त्यात मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय भरडले गेले. २०१० साली ही तफावत १८ पटींवर आणली. २००८ च्या सुमारास तिथे सुमारे २३ लाख लोक गजाआड होते. अमली पदार्थ मात्र गेले नाहीत.

मग दुकाने उघडायची काय? नाही. अमली पदार्थांचे सेवन हा गंभीर दोष आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षण (क्र. २२९१) सांगते. सौम्य म्हटल्या जाणाऱ्या पदार्थांनाही कायद्याने मोकळीक देण्यास पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये विरोध केला होता. परंतु सेमिनरीत आम्हाला शिकवलेले संत थॉमस अक्वायनस असेही म्हणतात की मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणामागे लागू नये. बहुतेकांना टाळता येतील असे, विशेषतः दुसऱ्याला इजा करणारे मोठे अपराध रोखावेत. व्यापारी आणि व्यसनी यांत फरक करायचा तो इथे. शिवाय धर्मशिक्षण (क्र. २२६६) शिक्षेकडून सुधारणेची, औषधासारख्या गुणाची अपेक्षा ठेवते. गर्दी झालेल्या बराकीत ते औषध कोण देणार?

औषध आहे. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले, पुण्यात १९८६ साली मुक्तांगण उभे राहिले. त्याच एनडीपीएस कायद्यात कलम ६४-अ आहे: अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वखुशीने मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे कलम किती घरांना ठाऊक आहे?

आणखी एक. कोठडीतील कोणालाही, उत्पन्न न पाहता, १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. आपल्या धर्मग्रामात कुणाच्या घरी अशी वेळ आली असेल, तर मिस्सानंतर आमच्याकडे यावे. अर्ज आपण मिळून लिहू, आणि नाव बाहेर जाणार नाही.